दवाच्या थेंबापासून डोंगरापर्यंत

पहाट. अजून पुरतं उजाडलेलं नाही. तिपाईवर बसवलाय तो खिशात मावेल एवढा कॅमेरा.

याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, जेमतेम ६ मिलिमीटर रुंद. मोठ्या, फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा ३६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळात साधारण तीसपट मोठा. हा फरक खरा जाणवतो तो उजेडात. चकाकतं आभाळ आणि सावलीतली जमीन एकाच फोटोत धरणं याला झेपत नाही. एक तर आभाळ पांढरंफटक, नाहीतर जमीन काळीठिक्कर. सावलीतलं थोडंफार नंतर उजळता येतं; पांढरं पडलेलं आभाळ मात्र गेलं ते गेलं. म्हणून आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, सगळ्यात खाली आणि एक्स्पोजर उणे ०.७ वर, म्हणजे फोटो किंचित काळोखा.

तरीही खरा उपाय एकच, थांबणं. बघा, ऊन आलं. तिरपं, जमिनीला घासून जाणारं. सूर्य बाजूला ठेवला, तर आता आभाळ आणि जमीन दोन्ही आवाक्यात येतात. मातीचं प्रत्येक ढेकूळ आपली सावली घेऊन उभं राहतं.

आता कॅमेरा खाली घेऊ, अगदी गवताच्या उंचीला. पात्याच्या टोकाला दवाचा एक थेंब लोंबतोय. इथे या लहान सेन्सरचं मला फार कौतुक वाटतं. झूम न करता, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/४ वर ठेवून एक मीटरवर फोकस धरला, की अर्ध्या मीटरवरच्या या पात्यापासून पार मागच्या डोंगरापर्यंत सगळं रेखीव येतं. मोठ्या कॅमेऱ्यात यासाठी अ‍ॅपर्चर बरंच बारीक करावं लागतं. ती सवय इथे नको. एफ/८ वर, म्हणजे छिद्र आणखी बारीक केल्यावर, या लेन्सच्या इवल्याशा छिद्रातून प्रकाश पसरतो आणि फोटो उलट मऊ पडतो. भलेभले इथे फसतात.

मेगापिक्सेलची (एक म्हणजे दहा लाख बिंदू) काळजी सोडा. फोरके पडद्यावर जेमतेम ८३ लाख बिंदू असतात. जुना १२ मेगापिक्सेलचा कॅमेराही तो भरून काढतो.

बोटाच्या दाबानेसुद्धा कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर. वारा पडायची वाट बघू. पातं डुलतंय... अजून डुलतंय...

थांबलं.

क्लिक.

थेंब अजून तिथेच आहे. ढगाची सावली डोंगर उतरून इकडे निघालीय. तिपाई हलवायची नाही.