पावसाळा, कावीळ आणि आठवा महिना

नमस्कार मंडळी! पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं आणि महिन्या-दीड महिन्याने गल्लीत चार-दोघांचे डोळे पिवळे दिसायला लागतात. 'कावीळ आहे, पथ्य पाळा, उतरेल.' बहुतेकांची उतरतेही. घरात कुणी गरोदर असेल तर मात्र एवढ्यावर थांबू नका.

पाण्यातून होणाऱ्या या काविळीमागे अनेकदा हेपटायटिस ई हा यकृताला सूज आणणारा विषाणू असतो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेला पूर आला, सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा सगळ्यांनी ती हेपटायटिस ए या दुसऱ्या विषाणूची धरली. पुढे १९८० मध्ये, जपून ठेवलेले जुने रक्ताचे नमुने तपासल्यावर कळलं की तो ए नव्हताच; त्यालाच पुढे ई म्हणू लागले. त्या कामात आपल्या पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थासुद्धा होती, बरं का!

आता हे आकडे नीट ऐका. १९७८च्या सुमारास काश्मीरमध्ये अशीच साथ आली. गरोदर बायकांपैकी १७ टक्क्यांना कावीळ झाली. त्याच वयाच्या, गरोदर नसलेल्या बायकांमध्ये हेच प्रमाण होतं २ टक्के. आजारी पडलेल्या गरोदर बायकांपैकी दर पाचात एकीहून जास्त जणींचं यकृत झपाट्याने निकामी झालं, बाकीच्या बायकांपैकी एकीचंही नाही. पाणी तर सगळ्या एकच पीत होत्या!

असं का होतं? गरोदरपणातले हार्मोन, बदललेली प्रतिकारशक्ती, कुपोषण, अशी कारणं पुढे येतात. पक्का निकाल अजून लागलेला नाही. शेवटचे तीन महिने सर्वात धोक्याचे, हे मात्र नक्की. दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकतं, बाळ पोटातच दगावू शकतं.

चीनमध्ये यावर २०११ साली लस मंजूर झाली. आपल्याकडे सध्या भिस्त पाण्यावरच. नुसतं गाळून भागत नाही, खळखळून उकळी येऊ द्या. पाणीपुरी, उसाच्या रसातला बर्फ... डोहाळे कितीही लागोत, पावसाळ्यात नकोच.

आणि ती काविळीची माळ! एरवी मी त्यावर वाद घालत नाही, पण पोटुशी बाई माळ घालून घरी थांबली तर हातातले मोलाचे दिवस जातात. लघवी गडद पिवळी, सतत मळमळ, अन्नावरची वासना उडालेली, एवढं दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती दिवसा झोपून रात्री जागी राहतेय, असंबद्ध बोलतेय, हिरड्यांतून रक्त येतंय, तर सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: 'आठवा महिना आहे, कावीळ आहे.'