गणपतीच्या आधी घराला रंग देताय? आधी भिंत वाळलीय का बघा!

(कॅमेरा भिंतीच्या अगदी जवळ)

हे बघा. नुसतं नख लावलं आणि पापुद्रा हातात आला. वर रंग, खाली पुट्टी (भिंत गुळगुळीत करायचा पांढरा लेप), सगळं एकदम. आणि मागे ही पांढरी भुकटी दिसतेय? याला मीठ फुटणं म्हणतात.

(कॅमेरा मागे)

नमस्कार मंडळी. ही भिंत माझ्याच गावच्या घरातली, कोकणातली, चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. गेल्या वर्षी जुलैअखेर गिलावा झाला आणि गणपतीच्या आधी रंग झालाच पाहिजे, असा हट्ट धरला. कोणी? मीच. रंगारी सांगत होता, "साहेब, दिवाळीनंतर करू." मी कसला ऐकतोय! दिवाळीपर्यंत भिंतीला फुगे आले होते. रंगाचा डबा चांगलाच होता, भिंत ओली होती.

आता नीट समजून घ्या. सिमेंटच्या गिलाव्याला निदान ७ दिवस पाणी मारायचं, त्यात कुचराई नको, नाहीतर केसासारख्या भेगा पडतात. त्यानंतर तो वाळायला सोडायचा. कोरड्या हवेत साधारण ४ आठवडे धरा. पावसाळ्यात मात्र कॅलेंडर बघून उपयोग नाही. आणि हो, ओल फक्त १२ मिमीच्या गिलाव्यात नसते. मागची वीट पाणी प्यायलेली असते, आणि चिरा तर विचारूच नका! हे पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षाराचे खडे रंगाखाली अडकतात आणि रंगाला ढकलतात. तेच तुम्ही आत्ता पाहिलंत.

दुसरी गोष्ट, ताजं सिमेंट फार तिखट, म्हणजे अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच १२ ते १३, साबणाच्या पाण्याहूनही जास्त. म्हणून स्वयंपाकघरात नव्या गिलाव्यावर कोणी लगेच ऑइल पेंट मारायला निघालं तर थांबवा. त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि रंग चिकट राहतो.

मग वाळलीय हे ओळखायचं कसं? हात लावून कळत नाही. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक घ्या आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बंद करा. २४ तासांनी काढा. आत दवासारखे थेंब दिसले किंवा तेवढाच चौकोन काळपट झाला, तर थांबायचं. हे प्लास्टिक खाली, जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा आणि बाथरूमच्या पाठीला असलेल्या भिंतीवर तर नक्की लावा. खिडकीशेजारची कोरडी जागा निवडून स्वतःचीच फसवणूक करू नका.

वाळली? आता बोटाच्या पेरांनी ठोकत जा. बद्द आवाज आला तर तिथला गिलावा सुटलाय, तेवढा तुकडा काढून नव्याने भरायचा. क्षार दिसले तर सुक्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलंत, तर तेच क्षार परत आत जातात.

आता नेहमीचा वाद: आधी प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून द्यायचा थर) की आधी पुट्टी? दोन्ही बाजू बरोबर असतात, कारण दोघं वेगवेगळ्या पुट्टीबद्दल बोलत असतात! व्हाइट सिमेंटची पुट्टी असेल, तर खाली प्रायमर नको. भिंतीवर पाण्याचा हलका हात फिरवायचा आणि पुट्टी ओढायची. पाणी टिपकायला नको, नुसती दमट हवी. अ‍ॅक्रिलिक पुट्टी असेल, तर आधी प्रायमर. नव्या सिमेंटच्या भिंतीला मी पहिलीच घेईन. दोन हात द्या, पण मिळून जाडी दीड मिमीच्या आत ठेवा. खड्डे भरायचे असतील तर सिमेंट-वाळूच्या मसाल्याने भरा, पुट्टी त्यासाठी नाही.

पुट्टी वाळून तिच्यावर घासकागद मारून झाला की ही गंमत करा.

(दिवे बंद, बॅटरी भिंतीला टेकवून)

दिसले? पट्टीचे ओरखडे, ही लाट, हा राहिलेला खळगा. ट्यूबलाइटमध्ये यातलं काहीच दिसत नव्हतं. पेन्सिलीने खुणा करा आणि रंगाऱ्याला आत्ताच दाखवा. रंग झाल्यावर दाखवून फक्त भांडण होतं.

पुढचं सोपं आहे. भुकटी पुसा, वॉटर-बेस प्रायमरचा एक हात द्या, वाळू द्या, मग इमल्शनचे, म्हणजे पाण्यात मिसळायच्या रंगाचे, दोन हात. डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त पाणी घालू देऊ नका.

फ्लॅटमध्ये जिप्समचा गिलावा असेल, तर त्याला पाणी मारायचंच नसतं, आणि तो लवकर वाळतो. पण प्लास्टिकची परीक्षा त्यालाही घ्या.

आणि या भिंतीचं? गिलाव्यापर्यंत खरवडून उघडी ठेवणार. यंदा मखरामागे आईची जुनी पैठणी लावू. रंगाऱ्याला फोन केला होता. म्हणाला, "साहेब, मार्चमध्ये बघू." या वेळी मी हो म्हटलं.