पिशवी लावावी लागेल का?

(रुग्ण, नातेवाईक आणि फॅमिली डॉक्टरांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मोठं आतडं काढायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो. बहुतेक वेळा रुग्ण गप्प असतो आणि आई किंवा बायको विचारते. ऑपरेशनच्या आधी याचं ठाम हो-नाही उत्तर कुणी देऊ शकत नाही. पण त्यावरचं सगळं बोलणं मात्र आधीच झालेलं असायला हवं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन व्रण पडण्याचा आजार) औषधांना दाद देईनासा झाला, किंवा घराण्यात चालत आलेला पॉलिपचा, म्हणजे आतड्यात गाठी वाढण्याचा आजार असला, तर मोठं आतडं आणि गुदाशय काढावा लागतो. पूर्वी बहुतेकांना मग जन्मभर पोटावर पिशवी असायची. १९७८ साली लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या पार्क्स आणि निकोल्स यांनी लहान आतड्याच्या टोकाचीच थैली शिवून ती गुदद्वाराला जोडायची पद्धत मांडली. १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमिया यांनी तिला 'जे' आकार दिला, तोच आज सर्वत्र चालतो. या आतल्या थैलीला मी पाऊच म्हणेन आणि पोटावर चिकटवतात तिला पिशवी.

पाऊचचा जोड ओटीपोटात अगदी खोल असतो. तो गळला तर तिथे पू साठतो, भोवतीचा भाग कडक होतो आणि पाऊच नीट ताणला जात नाही. काहींचा पाऊच पुढे काढावा लागतो. तात्पुरता स्टोमा केला, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणलं, तर मळ जोडापर्यंत पोचण्याआधीच तिथून पिशवीत पडतो. त्यामुळे गळती होणारच नाही असं नाही. पण झालीच, तर ती जिवावर किंवा पाऊचवर बेतण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

मग सगळ्यांनाच का लावू नये? कारण तिचीही किंमत असते. आतडं वरच बाहेर काढल्यामुळे पाणी आणि मीठ वाहून जातं. दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर पिशवी भरू लागली की मूत्रपिंडावर ताण येतो. घरचे मायेने साधं पाणी पाजत राहतात आणि पिशवी आणखी भरते, कारण नुसतं पाणी जाताना शरीरातलं मीठ घेऊन जातं. अशा वेळी साधं पाणी मोजून द्यायचं आणि ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून ते घोटघोट पाजायचं. चैत्र-वैशाखात पिशवी असलेल्या माणसाकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. शिवाय कातडी सोलवटते, आणि स्टोमा बंद करायचं ऑपरेशन वेगळंच. त्यातही आतडं अडकणं, तिथला जोड गळणं, पुढे हर्निया होणं हे सगळं होऊ शकतं.

आता कोणाला लावायची? रोज २० मिलिग्रॅमहून जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कित्येक आठवडे चालू आहे, वजन उतरलंय, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) खाली आहे, अशा रुग्णाचा पाऊच पहिल्या फेरीत करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी फक्त मोठं आतडं काढून स्टोमा करावा. स्टेरॉइड सुटू द्यावं, अंगावर मांस चढू द्यावं. काही महिन्यांनी पाऊच करताना पुष्कळदा वेगळ्या स्टोमाची गरजच उरत नाही. उलट पॉलिपचा आजार असलेला तरुण, धडधाकट, स्टेरॉइड न घेतलेला रुग्ण असेल आणि ऑपरेशन विनासायास झालं, तर पिशवी टाळणं रास्त आहे.

शेवटचा निर्णय टेबलावर होतो. पाऊचचं टोक ओढून बघतो: जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) खाली सहज येतंय की ताणून आणावं लागतंय? रक्तपुरवठा चांगला आहे का? जोड शिवणाऱ्या स्टेपलरमधून निघालेली, आतड्याची कापलेली दोन्ही वर्तुळं अखंड आहेत का? ओटीपोटात पाणी भरून खालून हवा सोडल्यावर बुडबुडे येतात का? यातलं एक जरी मनाला खटकलं तरी मी पिशवी लावतो. अपवाद फार स्थूल रुग्णाचा. जाड पोटातून आतडं वर ओढताना कधी पाऊचवरच ताण येतो, तेव्हा दोन्हींतला कमी धोका निवडावा लागतो.

गाव लांब असेल तर तेही मला आधी सांगा. पिशवी नसताना ताप, धडधड, माकडहाडाशी दुखणं सुरू झालं तर त्याच दिवशी पोचायला हवं. पिशवी असली तरी शरीर कोरडं पडू लागल्यावर सलाइन लावणारं कुणीतरी जवळ हवं.

आणि पिशवीची शक्यता कमी असली तरी स्टोमाच्या जागेची खूण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी करून घ्या. उभं राहून, वाकून, मांडी घालून. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा कुठे येतो ते बघून, पोटाच्या वळीपासून दूर, स्वतःला दिसेल अशा जागी. झोपलेल्या रुग्णावर अंदाजाने ठरवलेली जागा बसल्यावर वळीत जाते, मग पिशवी चिकटत नाही.

साधारण आठ ते बारा आठवड्यांनी बोटाने आणि दुर्बिणीने तपासून, बहुधा एक्स-रेत दिसणारं औषध आत सोडून फोटो काढून, जोड भरलाय याची खात्री झाली की स्टोमा बंद करतात. सुरुवातीला शौचाला फार वेळा जावं लागतं. त्याने घाबरू नका. काही महिन्यांत ते बहुतेकांचं दिवसाला पाच-सहा वेळांवर येतं, रात्री एखादवेळ उठावं लागतं.