इंदूरच्या गच्चीवर कॉफीचं झाड

श्रोतेहो, नमस्कार.

माझी मावसबहीण कर्नाटकात चिकमगळूरला दिली आहे. सासर कॉफीवाल्यांचं. तिच्याकडून परतताना एकदा मी अरेबिका जातीच्या कॉफीचं वीतभर रोप पिशवीत घालून आणलं आणि लोकमान्य नगरातल्या आमच्या गच्चीवर कुंडीत लावलं. पावसाळा गेला, थंडी गेली, रोप खुशीत. मे महिन्यात लू सुटली आणि चार दिवसांत पानांच्या विड्या वळल्या. फोनवर मी रडगाणं लावलं, तर ताई म्हणते, "अरे, नुसतं पाणी घालून काय होतंय? त्याला छत्री हवी होती."

ही छत्री काय असते, ते तिच्या बागेत गेल्याशिवाय कळत नाही. आपण बाग म्हटलं की ओळीत लावलेली झाडं डोळ्यांपुढे येतात. तिथे मात्र जंगलात शिरल्यासारखं वाटतं. वर फणस, उंबर, शिसव, त्याखाली पांगारा, आणि सगळ्यांत खाली, आपल्या खांद्याला लागेल एवढी कॉफी. उंच झाडांच्या खोडांवर मिरीचे वेल. कॉफी मूळची इथिओपियाच्या जंगलातली, मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढलेली. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात पेरल्या, अशी कथा तिकडे सांगतात. त्या डोंगराला आजही त्यांचंच नाव आहे.

अरेबिकाला साधारण 1000 ते 1500 मीटर उंची मानवते. आपलं इंदूर साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे माझ्या कुंडीचा निकाल आधीच लागलेला होता. उंचावरच्या गारव्यात आणि सावलीत फळ सावकाश पिकतं, बी भरते, कॉफीला गोडी येते. शिवाय अरेबिकाचा मोठा वैरी म्हणजे पांढरा खोडकिडा. त्याची मादी उन्हात तापलेल्या खोडाच्या सालीत अंडी घालते. सावली दिली की निम्मं औषध वाचतं, असं ताईचे सासरे म्हणतात. पण सावली फार झाली तर पावसाळ्यात पानं काळी पडून कुजतात. म्हणून पावसाआधी माणसं झाडांवर चढून फांद्या छाटतात. कुठली ठेवायची, कुठली पाडायची, हे ज्याला कळतं त्याचा मान मोठा.

ही जुनी झाडं तोडून सिल्व्हर ओक लावणारेही पुष्कळ. सरळ वाढतो, लवकर वाढतो, लाकूड विकता येतं, मिरीही चढते. हिशेबाला चोख. पण उंबराला फळं लागली की जी पाखरं येतात, ती सिल्व्हर ओककडे कशाला येतील?

मी गेलो ते डिसेंबरात, तोडणीच्या दिवसांत. ताईनं एक गडद लाल फळ चिमटीत दाबलं. दोन बिया सुळकन बाहेर, सपाट पोटाला पोट लावून बसलेल्या, बुळबुळीत गरात माखलेल्या. तो गर मी चाखला, चक्क गोड! शेजारच्याच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल फळं एकत्र. फांदी ओरबाडली तर काम झटपट होतं, पण हिरवं फळ मिसळलं की कपात तुरटपणा आलाच. म्हणून एकच झाड तीन-चार वेळा वेचायचं, फक्त लाल. एका कपाला पन्नास-साठ फळं लागतात. मजुरी तिथेच वाढते.

आणखी एक गोष्ट पाकिटावर दिसत नाही, ती म्हणजे पाणी. साल काढून बिया धुतल्या की ते पाणी आंबतं. तसंच ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. ताईकडे ते टाक्यांत साठवून निवळू देतात आणि सालींचं खत करतात. काही फळं तर न धुता सालीसकट उन्हात वाळवतात.

चव तपासणारे कॉफीला शंभरपैकी गुण देतात. ऐंशी किंवा त्याहून वर गेली की ती स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाची कॉफी. मी इथल्या एका दुकानातून असं महागडं पाकीट आणलं. वर झाडं, पक्षी, सगळी चित्रं. भाजल्याची तारीख मात्र कुठेच नाही. फोडलं तर वास जुन्या गोणपाटाचा. तेव्हापासून मी आधी तारीख बघतो, मग पक्षी.

आणि हो, कॉफी बघायला दक्षिणेतच जायला हवं असं नाही. आपल्याच सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यातल्या कुकरूला इंग्रजांच्या काळापासूनची कॉफीची बाग आहे. पलीकडे मेळघाटात चिखलदऱ्यालाही कॉफी होते. यंदा थंडीत पोहे-जलेबी खाऊन सकाळीच कुकरूला निघायचा बेत आहे.

गच्चीवरच्या कुंडीत आता गोडलिंब लावलाय. लू सुटली तरी तो हसत उभा असतो.

नमस्कार.