रामरक्षेतले गुडघे

नमस्कार श्रोतेहो. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव होतं, जीबीएस. गुलेन बॅरे सिंड्रोम. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळीकडे पाण्यावर संशय. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांना मुंग्या, मग पाय गळतात आणि अशक्तपणा वर वर चढत जातो. जंतूंशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते. मेंदू मात्र शाबूत असतो. पुन्हा सांगते, मेंदू शाबूत असतो, कान शाबूत असतात.

कानांवरून आत्या आठवली. या साथीच्या बऱ्याच आधी माझ्या आतेभावाला हा आजार झाला. व्हेंटिलेटर, गळ्याला भोक पाडून नळी, हलायच्या फक्त पापण्या. आत्याने तळ्यातल्या गणपतीला नवस बोलला आणि छोट्या बाटलीतून तीर्थ घेऊन आयसीयूत पोचली. सिस्टरने हात धरला. "आजी, गिळता येत नाही त्यांना. श्वासनलिकेत जाईल. कपाळाला लावा."

"तीर्थाने कधी कुणाला काही झालंय का गं?" आत्या फणकारली. पण लावलं कपाळालाच.

भेटायची वेळ थोडी, दारात वॉचमन उभा. म्हणून आत्या रोज त्याच्या कानाशी वाकून एका दमात रामरक्षा म्हणायची. आजार पायांकडून वर चढलेला, आणि रामरक्षा डोक्यापासून पायांपर्यंत उतरते, याचाच तिला मोठा आधार. डॉक्टरही म्हणाले होते की ताकद बहुतेक वरून खाली परत येते. झालं, आत्याच्या मते डॉक्टरांनी सही केली!

मधल्या काळात नातेवाईक येत. "आमच्या शेजारच्यांना अस्संच झालं होतं, गेले हो." माझं स्पष्ट मत आहे, भेटायला येणाऱ्यांनी शहाळी आणावीत, बातम्या आणू नयेत. आणि तासभर बसूही नये. असो.

पुढे नळी निघाली, आवाज फुटला. पहिलं धड वाक्य काय? "आई, तू रोज गुडघे गाळत होतीस."

"काय?"

"मांड्यांवरून थेट पावलांवर उडी. मधली ओळ मी मनात म्हणायचो. सांगता येईना, नुसता जीव जात होता."

आत्याने पिशवीतून पोथी काढली, चष्मा पुसला, ओळ बोटाने दाखवली. "ही काय! लहानपणापासून म्हणतेय मी." पण दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या वेळी त्याचे गुडघे लटपटले, तेव्हा तीच ओळ आत्याबाईंनी दोनदा म्हटली. मी ऐकली.

वेळ संपत आली, तर औषधाचं थोडक्यात. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज, सलाईनमधून देतात, नाहीतर रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव भाग, बदलतात. जितकं लवकर तितकं बरं. बहुतेक पेशंट पुन्हा चालतात, पण महिने लागतात. पाय गळाले, घास अडकू लागला, धाप लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. त्याच दिवशी. नवस रिक्षात बसल्यावर बोला. आणि गिळता येत नसेल तर तोंडात काही नाही, तीर्थसुद्धा नाही.

आतेभाऊ आता चालतो, जिना उतरताना कठडा धरतो. आत्या अजून म्हणते, ओळ तिने गाळलीच नव्हती, त्यालाच गुंगीत ऐकू आली नसेल. नमस्कार.