उतारालाही रेस द्यायची

(पहाटेचा अंधार. शटर वर सरकल्याचा आवाज. बॅटरीच्या उजेडात मरून रंगाची टाकी, तिच्या कडेचं क्रोम.)

रविवार, पहाटेचे साडेपाच. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहिल्या असतील. बाकी कोल्हापूर अजून झोपेत आहे. आमच्या गल्लीला मात्र ठाऊक आहे, की आता एक आवाज होणार.

पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरच्या डोक्यावरचं बारकं बटण दाबून धरायचं, पेट्रोलचा थेंब बाहेर दिसेपर्यंत. मग गिअरचा दांडा आत दाबून मागं फिरवायचा, म्हणजे तोच किक होतो. या गाडीला गिअर आणि किक मिळून एकच लिव्हर आहे. पहिल्यांदा बघणारा माणूस किक शोधत गाडीभोवती एक फेरी मारतो.

(किक. दुसरी किक. इंजिन लागतं. काही क्षण निवेदन नाही, फक्त आवाज.)

जावा 250. मॉडेल 1968, म्हैसूरची. 1929 साली प्रागमध्ये फ्रांतिशेक यानेचेक यांनी वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून जावा हे नाव झालं. आपल्याकडे रुस्तम इराणी यांच्या आयडियल जावानं 1961 पासून म्हैसूरला या गाड्या बनवायला सुरुवात केली. पुढं त्याच कारखान्यातून येझदी आली. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे या गाडीला कंपनीचं सर्व्हिस सेंटर मिळण्याचे दिवस कधीच सरले. तरीही ती आज गगनबावड्याला जाऊन परत येणार आहे. जाऊन येऊन एकशे दहा किलोमीटर.

बाबांनी ती 1974 साली घेतली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. माझ्याकडे आली तेव्हा मला वाटायचं, जुनी गाडी जपायची म्हणजे कमी चालवायची. पुसायची, झाकायची, सणाला काढायची. आज मी ठामपणे याच्या उलट सांगतो. उभी गाडी आतून मरते. ऑईल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, कडक होतात, टाकीत गंज धरतो, कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक भोकात, पेट्रोलचा चिकट थर बसतो. आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर धावणारी जुनी गाडी काचेमागं ठेवलेल्या गाडीपेक्षा जास्त जगते.

पण चालवायची म्हणजे तिचं पोट समजून चालवायची. हे मला करूळ घाटात कळलं.

(घाटाचा रस्ता. वळणावरून खाली दिसणारं कोकण.)

मे महिना होता. गगनबावड्याहून वैभववाडीकडं उतरत होतो. उतार मोठा आणि या गाडीचे ड्रम ब्रेक जुने, म्हणून शहाणपणा करून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, ॲक्सिलरेटर पूर्ण बंद केला आणि इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत निघालो. चारचाकीत हेच शिकवतात. चार-पाच वळणं झाली. आवाज थोडा कोरडा वाटला, पण मी दुर्लक्ष केलं. पुढच्या वळणाच्या तोंडाशी मागचं चाक एकाएकी जाम झालं आणि गाडी घसरायला लागली. हातानं आपसूक क्लच दाबला म्हणून आज हे सांगायला आहे. मागून एसटी येत होती. तिच्या चालकानं वेळेत ब्रेक मारला.

गाडी टेम्पोत घालून कोल्हापूरला आणली. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी हेड आणि सिलिंडर उतरवला, पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूला उभे ओरखडे, नखानं खरवडल्यासारखे. पिस्टननं सिलिंडर धरला होता, म्हणजे तो आत चिकटून अडकला होता. मिस्त्री एवढंच म्हणाले, "आरं, उताराला बी रेस द्यावी लागती. पेट्रोलातनंच तेल पिती ती."

त्या एका वाक्यात टू-स्ट्रोक इंजिनाची सगळी गोष्ट आहे. फोर-स्ट्रोक गाडीत ऑईल वेगळं असतं. इंजिन फिरलं की पंप ते सगळीकडं पोचवतो. या इंजिनात तसा पंपच नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं 2टी ऑईल हेच पिस्टन, रिंगा आणि क्रँकच्या बेअरिंगांचं वंगण. ॲक्सिलरेटर बंद केला की पेट्रोल जवळजवळ बंद, आणि पेट्रोलबरोबर ऑईलही. उतारावर मात्र चाक इंजिनाला फिरवतच राहतं. म्हणजे इंजिन जोरात धावतंय आणि घशाला कोरड पडलीये. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो.

म्हणून आता घाट उतरताना दर काही क्षणांनी क्लच दाबून एक बारकी रेस द्यायची. गाडीचा वेग वाढत नाही, इंजिनाला ऑईलचा घोट मिळतो. उरलेलं काम ब्रेकचं. त्यासाठी लायनर चांगले हवेत आणि ड्रम आतून कोरडे हवेत.

(उद्यमनगर. बोअरिंग मशीनचा आवाज. लोखंडाचा बारीक कीस.)

त्या दिवशी सिलिंडर बोअरिंगला, म्हणजे आतून कातून गुळगुळीत करायला गेला. मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, 65 मिलिमीटर. दर बोअरिंगला पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसतो आणि असं तीन-चार वेळाच करता येतं. पुढं नवा स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी. प्रत्येक चुकीपायी 1968 सालच्या लोखंडाचा एक थर कायमचा जातो, हे मला त्या मशीनसमोर उभं राहून फार लागलं. तेव्हापासून पेट्रोल भरताना ऑईल मी डोळ्यांच्या अंदाजानं ओतत नाही. एका लिटरला 40 मिलि. नवा पिस्टन बसवल्यावर पहिले हजार किलोमीटर 50 मिलि. डिकीत औषधाचं मापाचं झाकण ठेवलंय.

बाकीची देखभाल म्हणजे मुख्यतः कान आणि डोळे.

धुराकडं बघायचं. नेहमीपेक्षा दाट पांढरा धूर यायला लागला आणि गिअरबॉक्सचं ऑईल आपोआप कमी होत असेल, तर क्रँकच्या डाव्या टोकाचं ऑईल सील गेलं. इंजिन गिअरबॉक्समधलं ऑईल ओढून जाळतंय. उजवीकडचं सील गेलं तर धूर नाही, उलट गाडी बंद ॲक्सिलरेटरवरही भरभरा पळते, कारण सीलमधून नुसती हवा आत शिरतेय. हा दुसरा प्रकार जास्त घातक. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणजे ऑईलही कमी. लोक कार्बोरेटर उघडून बसतात, जेट बदलतात आणि आठवड्यानं पिस्टन जातो. शंभर-दोनशे रुपयांचं रबर असतं ते. इंजिन उघडलं असेल तर दोन्ही सील नवीच घालावीत, जुनी बरी दिसली तरी.

दोन सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून बघायचं. सिलिंडर एकच आहे, पण धूर दोन नळ्यांतून जातो. दोन्हीकडं सारखा दाब लागला पाहिजे. एक मंद वाटला तर आत कार्बन साठलाय, जाळी काढून साफ करायची.

आणि पॉइंट. उजवीकडचं झाकण काढलं की डायनॅमो दिसतो, त्याच्याजवळ कॉन्टॅक्ट पॉइंट, म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी मिळवून देणारी जोडी. फट 0.4 मिलिमीटर. फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीचं, पान अलगद अडकत सरकलं पाहिजे. महिन्यातून एकदा हे बघायला दहा मिनिटं लागतात. आजकाल पॉइंट काढून 12 व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवता येतं. रोज रात्री प्रवास करणाऱ्यानं ते जरूर बसवावं. 6 व्होल्टचा दिवा आजच्या हायवेला पुरत नाही, हे खरं आहे. मी पॉइंट ठेवले, कारण ते बंद पडायच्या आधी सांगतात. गाडी दोन किकऐवजी चार किक मागायला लागते. रस्त्यात थांबून पॉलिश पेपरचा तुकडा फिरवला की घरी येता येतं.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला खातं. मी पेट्रोलची नळी बदलून इथेनॉलला टिकणारी घातली. टाकी भरलेली ठेवून गाडी महिनाभर उभी करत नाही. आणि घरी येताना कॉक आधीच बंद करतो, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल जळून संपतं.

(आरसी बुकची जीर्ण पानं.)

कागदांचंही बघावं लागतं. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. मान मोठा आहे. पण ती गाडी मग रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. मी ती नोंदणी केली नाही. दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी नेऊन दाखवतो, पर्यावरण कर भरतो आणि साधी नोंदणी वाढवून घेतो. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा दिनाला किती सुंदर गाड्या एकत्र येतात! त्यांच्यात माझ्या गाडीच्या क्रोमवर डाग आहेत, मडगार्डवर ओरखडे आहेत. ते मी काढणार नाही. ते रस्त्यावर पडलेत.

(गगनबावडा. चहाची टपरी. इंजिन थंड होताना होणारी टिकटिक.)

इथून खाली करूळ, बाजूला भुईबावडा. आज उतरणार नाही. चहा घ्यायचा, प्लग काढून रंग बघायचा. फिकट तपकिरी आहे. म्हणजे आत सगळं ठीक आहे.

(परतीचा रस्ता. रंकाळा. गल्लीचं तोंड.)

गल्ली तीनशे मीटरवर आली की हात वाकवून कॉक बंद करतो. आधी काहीच बदलत नाही. मग आवाज किंचित चढतो, वाटीतलं शेवटचं पेट्रोल संपत आलंय. क्लच दाबायचा. दारापाशी पोचता पोचता इंजिन आपलं आपण गप्प होतं. पुढच्या रविवारपर्यंत.