नाव बदलायचं का, हे बोलणीच्या वेळीच विचारा

(नागपुरात एका कॉलनीच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार. मागे ज्यांना ऐकू येत नसेल त्यांनी पुढे सतरंजीवर या, कूलरचा आवाज फार होऊन राहिला. विषय तुम्हाला माहीतच आहे, लग्नानंतर मुलीनं आडनाव बदलावं का. माझं मत मी आधीच सांगून टाकते. बदलू नये. ज्या मुलीला मनापासून बदलायचं आहे तिनं खुशाल बदलावं, तिला कुणी नावं ठेवायचं काम नाही. पण आज होते काय, की तिला कुणी विचारतच नाही, लग्न झालं की नाव बदललं असं धरूनच चालतात, आणि मी हे म्हणायला उभी आहे की हे आधी विचारा, आणि लग्नाच्या बोलणीत विचारा. हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, मानपान किती, सगळं बोलता ना? मग मुलीचं नाव काय राहील हे का नाही बोलत?

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आपण आडनाव आडनाव म्हणतो पण महाराष्ट्रात फक्त आडनाव नाही जात. समजा एक मुलगी आहे, प्रियंका सुरेश मेश्राम. लग्न झालं की ती होते प्रियंका नितीन रामटेके. म्हणजे तीनपैकी दोन नावं गेली, बापाचं पण गेलं आणि घराण्याचं पण गेलं. दुसऱ्या राज्यांत बऱ्याच ठिकाणी मधलं नाव लिहायची पद्धतच नाही, तिथे बदलली तरी एकच गोष्ट बदलते. आपल्याकडे राहिलं ते फक्त पहिलं नाव, आणि काही घरांत तेही ठेवत नाहीत. मागे वर्धा रोडच्या एका लॉनमध्ये लग्नाला गेली होती मी, तिथे ताटात तांदूळ पसरून नवऱ्या मुलाच्या हातात अंगठी दिली आणि त्यानं तांदळात बायकोचं नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, व्हिडिओवाला जवळ जाऊन शूट करून राहिला. मी मुलीकडे पाहत होती. ताट त्याच्या बाजूला वळवलेलं होतं, त्यामुळे तिला आपलं नाव उलटं वाचावं लागत होतं, आणि ती हळूच मान वाकडी करून वाचत होती की आपल्याला आता काय म्हणतील. तिचं वय पंचवीस-सव्वीस, इंजिनिअर आहे, पुण्यात नोकरी करते. तिला माहीतच नव्हतं!

हे आजचं नाही. डॉक्टर आनंदीबाई जोशी जन्माच्या यमुना. रमाबाई रानडे, त्यापण जन्माच्या यमुना, कुर्लेकरांच्या. १८७३-७४ च्या आसपास दोघींची लग्नं झाली, दोघींची नावं सासरी बदलली, आणि आपण दोघींना नवीन नावानंच ओळखतो. तेव्हा त्या नऊ-अकरा वर्षांच्या पोरी होत्या, त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. आज मुलगी अठराच्या वरची असते, मतदान करते, पगार घेते, तरी पद्धत तीच.

आणि त्याच काळातली आपल्या विदर्भातली तारीख सांगते. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं शिंदे हे आडनाव वडिलांचं, बापूजी हरी शिंदे. लग्न झालेलं होतं त्यांचं. म्हणजे लग्न झालेल्या बाईनं बापाच्या आडनावानं जगणं, लिहिणं, छापणं हे विदर्भाला नवीन नाही, म्हणून मला कुणी म्हणालं ना की हे काय मुंबई-पुण्याचं नाहीतर परदेशातलं फॅड आहे, तर मी बुलढाण्याचं नाव घेते. आणि २० जुलै १९४२ ला याच नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, आणि तिथे बायकांनी ठराव केला की बाईला घटस्फोटाचा हक्क पाहिजे, नवऱ्यानं एकाहून जास्त बायका करू नये. या दोन्ही गोष्टी देणारा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. तेरा वर्षं आधी नागपूरच्या मांडवात हे बोलून झालं होतं. आपल्या आज्या हे बोलल्या, आणि आपण नावाचा विषय काढायला घाबरतो, हे मला पटत नाही.

आता कायद्याचं. मी कौटुंबिक प्रकरणांची वकिली करते म्हणून लोक मला नेहमी विचारतात, मॅडम, किती दिवसांत नाव बदलावं लागते. काहीच लागत नाही बाप्पा! बाईनं लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा भारतात नाही, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नाही, १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये पण नाही. पासपोर्टसाठी सुद्धा लग्नानंतर नाव बदलायची गरज नाही, २०१७ मध्ये पंतप्रधानांनी स्वतः जाहीर सांगितलं. आपल्या हायकोर्टानं फॅमिली कोर्टाच्या नियमांत दुरुस्ती करून बाईला माहेरच्या नावानं अर्ज करता येईल अशी सोय केली. मग बदलायला लावते कोण? सवय लावते. बँकेतला काउंटरवरचा माणूस म्हणतो, मॅडम, मिस्टरांचं नाव लावा. सोसायटीच्या पाटीवर आपोआप लावतात. लग्नाच्या पहिल्या महिन्यात सासरे प्रेमानंच म्हणतात, आधार अपडेट करून टाक बेटा, रेशन कार्डात नाव टाकायचं आहे. कुणी जबरदस्ती केली असं नाही म्हणता येत, पण नाही म्हणायला जागाही ठेवलेली नसते.

आणि आधारचं तर मुद्दाम सांगते, कारण हे बायकांना माहीत नसते. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. दोनदा! लग्न झालं, एकदा बदललं. उद्या देव न करो पण मोडलं, माहेरच्या नावावर परत आली, दोन्ही संपले. त्यानंतर पुन्हा लग्न करून पुन्हा नाव बदलायचं म्हटलं तर नेहमीच्या रस्त्यानं होत नाही, वेगळी विनंती करा, कागद जोडा, वाट पाहा. पुरुषाला ही मर्यादा कधी आठवायची पण गरज पडत नाही. कलेक्टर ऑफिसच्या सेतू केंद्रासमोर, जिथे दाखले काढतात तिथे, कधी उभ्या राहून बघा, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये टीसी, मॅरेज सर्टिफिकेट, नाव बदलल्याचं छापलेल्या गॅझेटची, म्हणजे सरकारी राजपत्राची कॉपी, अ‍ॅफिडेव्हिट, त्यात दहावीच्या मार्कशीटवर एक नाव, डिग्रीवर तेच, पॅनवर दुसरं, बँक पासबुकवर तिसऱ्याच स्पेलिंगचं. लाडकी बहीणचे फॉर्म भरायचं चालू होतं २०२४ मध्ये तेव्हा किती बायका याच्यातच अडकल्या तुम्ही स्वतः पाहिलं असेल.

दिल्लीत तर आणखी एक आहे. केंद्र सरकारच्या गॅझेटसाठी अशी अट होती की बाईला माहेरचं आडनाव परत लावायचं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा द्या, नाहीतर नवऱ्याचं ना-हरकत पत्र आणा. २०२४ मध्ये एका बाईनं दिल्ली हायकोर्टात त्याला आव्हान दिलं. माझं म्हणणं एवढंच, त्याचं आडनाव लावताना तिच्या बापाचं ना-हरकत कुणी मागितलं होतं? मग स्वतःच्या जन्माच्या नावाला परत जायला नवऱ्याची सही काऊन लागावी?

आता मला जे सर्वात महत्त्वाचं वाटते त्याच्यावर येते. नाव आणि वाटा, ह्या दोन गोष्टी आपल्या घरात एकमेकींना धरून चालतात. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाएवढा हक्क दिला, केंद्रानं २००५ मध्ये दिला, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मापासून आहे, बाप २००५ मध्ये जिवंत होता की नाही याचा संबंध नाही. कागदावर सगळं आहे. पण वडील गेल्यावर फेरफाराच्या वेळी, म्हणजे जमिनीच्या कागदावर वारसांची नावं चढवताना, काय होते? भाऊ हक्कसोड पत्र घेऊन येतो, आणि वाक्य ठरलेलं असते, 'ताई, तू आता तिकडची झाली.' मी विचारलं की तिकडची म्हणजे काय, तर उत्तर मिळते, नावच तिकडचं आहे ना. माझ्याकडे काटोलकडची एक बाई आली होती, संत्र्याचा बगीचा होता माहेरी, तिनं सही करून दिलेली, कारण काय तर 'मले लाज वाटली, माहं नाव तं त्या घरातलं राहिलंच नाही'. कायद्यानं आडनाव बदलल्यानं एक इंच हक्क कमी होत नाही, हे मी तिला सांगितलं, तुम्हालाही सांगते. पण माणूस कायद्यानं कमी आणि लाजेनं जास्त सही करते.

काही जणी म्हणतात, माहेरचं आडनाव तरी कुठे आपलं, ते पण बापाचंच. हे मी कॉलेजच्या पोरींकडून फार ऐकते. बरोबर आहे, बापाचं आहे. पण मुलाचं आडनाव पण बापाचंच असते ना, त्याला कुणी म्हणते का की हे तुझं नाही? जन्मापासून ज्या नावानं हाक मारली, हजेरी झाली, रिझल्ट लागला, ते त्याचं होते तर तिचं पण होते.

दुसरा मुद्दा जातीचा. नागपुरात आडनाव ऐकलं की लोक मनात हिशोब करतात, हे तुम्ही-आम्ही सगळे जाणतो, खोली भाड्यानं पाहायला गेलं तरी आधी आडनाव विचारतात. आंतरजातीय लग्नात कितीदा मुलीचं आडनाव बदलायची घाई याच्यासाठी असते, की नातेवाईकांसमोर विषय निघू नये. ते मला सर्वात जास्त लागते. प्रेम केलं, लग्न केलं, आणि मग तिच्या मायबापाचं नावच झाकून ठेवायचं? जिथे मुलीला स्वतःला जातीचं ओझं उतरवायचं असते तिथे गोष्ट वेगळी, तिनं आडनावच लावू नये, नुसतं आईचं-बापाचं नाव लावावं, तोही रस्ता आहे.

बाहेर काय आहे ते थोडक्यात. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १९८१ पासून आणि ग्रीसमध्ये १९८३ पासून बाईचं जन्माचंच नाव कायम राहते. उलट जपानमध्ये नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यावं लागते, कायद्यात कुणाचंही घ्या म्हटलं आहे पण जवळपास पंचाण्णव टक्के ठिकाणी नवऱ्याचंच घेतात, आणि २०१५ व २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं हा कायदा वैध ठरवला. नुसतं 'कुणाचंही घ्या' म्हणून भागत नाही ते यातून दिसते, म्हणून मी म्हणते की जन्मापासून चालत आलेलं नाव तसंच राहू द्या आणि ज्याला बदलायचं त्यानं वेगळं सांगावं.

आता आपल्या सरकारनं एक चांगलं केलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. छान झालं. पण विवाहित बाईच्या बाबतीत जुनीच पद्धत ठेवली, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. म्हणजे बघा, आज जी मुलगी तीन नावांच्या पाठबळावर शाळेत जाईल, ती लग्नाला उभी राहील तेव्हा त्या पद्धतीनं तिच्या नावातून बाप जाईल आणि या वेळी आई पण जाईल. भावाच्या नावात आई राहील. तिच्या नावात राहणार नाही. याच्यावर आत्ताच बोलायला पाहिजे, त्या पोरी मोठ्या व्हायची वाट कशाला पाहायची.

शेवटी एका काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे, वाचते. 'सून नाव बदलणार नाही म्हणते, माझी हरकत नाही, पण नातवंडांचं काय, आणि हॉस्पिटलात, शाळेत तिला आई म्हणून मानतील का?' काकू, तुम्ही विचारलं ते फार चांगलं केलं. मानतील. आई ही जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून असते, तिचं आडनाव मुलाशी जुळलं पाहिजे असं कुठेच नाही. सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये तर असं म्हटलं की नवरा वारल्यावर आई मुलाची नैसर्गिक पालक आहे आणि मुलाचं आडनाव काय असावं हे ती ठरवू शकते. सुनेला फक्त एवढं करायला सांगा, मॅरेज सर्टिफिकेट काढून ठेव, त्यावर तिचं माहेरचं पूर्ण नाव आणि नवऱ्याचं नाव दोन्ही असते, त्याच्या दोन-तीन अटेस्टेड कॉपी पर्समध्ये ठेव, आणि बाळाच्या जन्माचा दाखला करताना आईचं नाव तिच्या आधारवर जसं आहे अगदी तसंच लिहून घे. तिथे कुणी परस्पर नवऱ्याचं आडनाव लावून दिलं, तर दाखला हातात घेण्याआधीच दुरुस्त करून माग, नंतर फार चकरा मारायला लागतात.